आबांचं वाक्य

परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणारी माझी जुनी विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा इंग्रजी अर्ज घेऊन आली. एका क्रियापदावर ती अडली होती.

"सर, आबांनी मला ज्वारीचं बियाणं निवडायला शिकवलं. 'हॅज टॉट' लिहू की 'हॅड टॉट'?"

"आबा कसे आहेत?"

"गेल्या पौषात गेले."

मी क्षणभर थांबलो. "मग 'हॅज' खटकेल. इंग्रजीच्या पूर्ण वर्तमानकाळाला आजशी धागा लागतो. गेलेल्या माणसाला तिथं सहसा कर्ता करत नाहीत."

"पण आपण 'जनाबाईंनी म्हटलं आहे' असं म्हणतोच की! गंगाखेडच्या जनाबाईंना जाऊन शतकं लोटली."

"मराठी बोल टिकला का ते बघते. इंग्रजी बोलणारा आहे का, हेही विचारते."

"मग 'हॅड' लिहिते."

"'हॅड' म्हटलं की वाचणारा विचारतो, कशाच्या आधी? आपण सहज म्हणतो, 'काल गंगाखेडला गेले होते.' त्यात परत आल्याचंही कळतं. इंग्रजीत तिथं साधा भूतकाळ पुरतो. 'हॅड'ला भूतकाळातलाच दुसरा टप्पा लागतो."

"तो आहे, सर. दोन वर्षांमागं आबा अंथरुणाला खिळले. त्या सुगीत कणसं मी एकटीनं निवडली. तोवर त्यांनी सगळं शिकवलं होतं."

"तिथं 'हॅड' चोख बसतो."

"पण तेवढंच लिहिलं, तर शिकवणं त्या सुगीतच संपल्यासारखं वाटतं. मी आजही 'परभणी मोती'ची टपोरी कणसं मळणीआधी बाजूला काढते. सरळ वाण आहे, घरचं बी चालतं. कणीस हातात घेतलं की आबांचीच नजर माझ्या डोळ्यांत येते. व्याकरणासाठी खोटं लिहू?"

तिचं म्हणणं बरोबर होतं, नियमही बरोबर होता. मी म्हणालो, "खोटं लिहू नकोस. कर्ता बदल. 'आय हॅव लर्न्ट धिस फ्रॉम माय ग्रँडफादर.' शिकलेली तू आहेस."

"म्हणजे आबांना कर्त्याच्या जागेवरून उठवायचं?"

"त्यांचं शिकवणं पुरं झालं, बाळा. ते मान्य करायलाच हवं. शिकलेलं मात्र तुझ्यापाशी आहे, आणि ते जपणं आता तुझं काम. म्हणून कर्त्याची जागा तुझी."

ती बराच वेळ कागदाकडं बघत राहिली. मग तिनं दोन वाक्यं लिहिली: सुगीचं 'हॅड'नं, आजचं 'हॅव'नं. दोन्ही खरी होती.