न छापलेले निकाल

गोंदियाचा पक्षकार अपिलासाठी नागपूरला जातो. रेल्वेने साधारण १३० किलोमीटर. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडून काही वर्षांनी चार पानांचा निकाल येतो. बहुधा त्याच्या आयुष्यातला तो एकुलता एक निकाल. कायद्याच्या जगात मात्र निकालांच्या दोन जाती आहेत : छापण्याजोगे आणि न छापण्याजोगे.

ही विभागणी जुनी आहे. सरकारी अधिकाराने छापलेल्या अहवालांखेरीज उच्च न्यायालयांच्या निकालांचे इतर अहवाल ऐकून घ्यायला न्यायालय बांधील नाही, असे १८७५चा कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांच्या माथ्यावर आजही ‘रिपोर्टेबल’ किंवा ‘नॉन-रिपोर्टेबल’ असा शिक्का असतो. त्यामागचे कारण खोटे नाही. बहुतेक अपिलांत नवे तत्त्व नसते. ठरलेला कायदा नव्या तपशिलाला लावायचा असतो. धानाच्या जिल्ह्यात हे समजावून सांगावे लागत नाही. सगळे धान कोणी बियाण्यासाठी राखत नाही.

पण शेतकरी बियाणे निवडतो ते पीक हाती आल्यावर. न्यायाधीशाला मात्र लिहितानाच ठाऊक असू शकते की, हे छापले जाणार नाही. प्रश्न इथे सुरू होतो.

अमेरिकेत २००० साली एका करदात्या बाईंचे परताव्याचे अपील आठव्या सर्किटच्या न्यायालयापुढे आले. त्याच न्यायालयाचा एक जुना, अप्रकाशित निकाल त्यांच्या विरोधात जात होता. तो बंधनकारक नाही, हा त्यांचा युक्तिवाद न्या. रिचर्ड अरनॉल्ड यांनी फेटाळला. आपलाच निकाल उद्या आपल्यावर बंधनकारक नाही असे म्हणण्याची मुभा न्यायालयाला दिली, तर तो न्यायाधिकार उरत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. सरकारने परतावा देऊन टाकल्यामुळे पुढे तो निकालच रद्द झाला. पण २००७पासूनचे अप्रकाशित निकाल तिथल्या संघीय अपील न्यायालयांत निदान उद्धृत करता येतात.

समजा, एकाच तलावासाठी शेजारच्या दोघांची जमीन गेली. एकाला अपिलात वाढीव मोबदला मिळाला; निकाल छापला गेला नाही. दोन वर्षांनी दुसरा आला. त्याच्या वकिलाला आधीचा निकाल सापडलाच नाही आणि त्याला कमी मोबदला मिळाला. यात कोणी लबाडी केली नाही. तरी सारख्याला सारखे, हे न्यायाचे पहिले वचन मोडले. असा निकाल शोधून काढणे मोठ्या कंपनीच्या वकिलांना जमते, तालुक्याच्या वकिलाला जमेलच असे नाही.

उलट बाजूही आहे. निर्दोष सुटलेल्या माणसाला आपला खटला जगाने वाचू नये असे वाटू शकते. आपला ‘नॉन-रिपोर्टेबल’ निकाल इंटरनेटवरून काढावा, अशी मागणी गुजरात उच्च न्यायालयापुढे आली होती. २०१७मध्ये ती फेटाळली गेली. त्या माणसाची व्यथा खरी होती. पण तिच्यावरचा उपाय नाव झाकणे हा आहे, कारणे झाकणे हा नव्हे.

म्हणून शिक्का राहू द्यावा. वाचणाऱ्याला काय आधी वाचावे हे त्यातून कळते. लिहिणाऱ्याला मात्र त्यातून सूट मिळता कामा नये. बियाण्याला न ठेवलेले धानही कोणाच्या तरी ताटात जातेच, आणि त्यात खडे असून चालत नाही.