रक्तातला स्वभाव

नाशिकच्या रामकुंडावर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्या नोंदलेल्या आहेत: नाव, गाव, कोण कोणाचा मुलगा. माणूस कोणाच्या पोटी आला, एवढेच वही सांगते. तो कसा वागेल हेही जन्माबरोबरच ठरते, ही समजूत निराळी, आणि तिने काळानुसार आपले आधार बदलले.

पहिला आधार धर्माचा. पूर्वजन्मीचे कर्म, त्यानुसार जन्म, जन्मानुसार वर्ण, वर्णानुसार स्वभाव. ही साखळी धर्माच्या आतूनच तुटतही होती. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत पडलेल्या चार भावंडांतले थोरले निवृत्तिनाथ. ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी त्यांना अनुग्रह दिला, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी त्र्यंबकेश्वरी आहे. बापाच्या वागण्याचा डाग ज्यांच्यावर लावला, त्यांच्यापुढेच नंतर पिढ्यान् पिढ्या वारकरी नतमस्तक झाले.

इंग्रजांनी ही साखळी कायद्यात ओवली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यामागचा तर्क असा, की जातीचा धंदा जसा वंशाने चालतो तशी चोरीही चालते. अख्ख्या जमाती संशयित ठरल्या. त्यांत जन्मलेले मूलही सुटले नाही. पुढे हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड मांडली. वचनाच्या जागी मोजपट्टी आली, निष्कर्ष मात्र जुनाच.

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी सुरू झालेला सत्याग्रह याच निष्कर्षाविरुद्ध होता. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली तो काही वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. जन्म आपल्या हाती नव्हता, पुढचे आहे, हा त्या घोषणेचा गाभा.

आंबेडकरांचा वैचारिक प्रतिवाद या घोषणेहून जुना आहे. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात दाखवले. पुढे १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी नाकांचीच मापे पुढे ठेवली आणि ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे असल्याचा युक्तिवाद केला. त्याआधीच मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत कवट्या मोजल्या होत्या. युरोपीय श्रेष्ठत्वाच्या गृहीतकाला त्यांच्या मोजमापांनी साथ दिली नाही.

२०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी जनुकांवरून आणखी एक गोष्ट दाखवली. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी उपखंडातले गट मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळले आणि त्यानंतर हे मिसळणे थांबत गेले. म्हणजे जनुकांनी जाती घडवल्या नाहीत. जातींच्या लग्नबंधनांच्या खुणा जनुकांत उमटल्या. १९१६ च्या निबंधाला मिळालेली याहून बळकट साक्ष कोणती?

आनुवंशिकता खोटी नाही. नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. हिमोग्लोबिनच्या एका जनुकातला एकच बदल आई आणि बाप दोघांकडून आला, की आजार होतो. प्रामाणिकपणाचे किंवा चोरीचे असे एकही जनुक सापडलेले नाही. आणि सिकलसेलच्या बाबतीतही, तेच जनुक असलेली दोन मुले सारखी जगत नाहीत. एकाचे निदान लहानपणी होते, हायड्रॉक्सीयुरिया हे औषध वेळेवर मिळते. दुसऱ्याला ताप आणि सांधेदुखी घेऊन घाटातून दवाखाना गाठावा लागतो.