कष्टाचे धन कोणाचे?

स्त्रीने आपल्या हातांनी मिळविलेले धन कोणाचे, हा प्रश्न धर्मशास्त्रात जुनाच आहे. विवाहसमयी अग्नीसमक्ष मिळालेले, आईबापांनी, भावाने दिलेले, ते स्त्रीधन होय, यात वाद नाही. मिताक्षरेत विज्ञानेश्वराने तर वारशाने व खरेदीने आलेलेही त्यात घातले. परंतु कात्यायनाने शिल्पाने, म्हणजे कातण्या-विणण्यासारख्या कसबाने, मिळविलेल्या धनावर पतीचे स्वामित्व सांगून ठेवले. भेट आली ती तिची, आणि घाम गाळून मिळविले ते त्याचे! स्मृतीचा मान राखूनही हा न्याय मला कधी पटला नाही.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने, कलम १४ मध्ये, स्वतःच्या कसबाने वा श्रमाने मिळविलेली मालमत्ता बाईच्या पूर्ण मालकीची ठरविली. कायदा झाला खरा, पण व्यवहार कात्यायनाच्याच मागे चालला. मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांचेच पाहा. चाळीतल्या एका खोलीत पाळीच्या वेळा सांभाळून त्या गिरणीकामगारांना रांधून घालीत. कामगार पैसे देई महिन्याने, वाणी मात्र थांबेना. मग सावकार, आणि गहाण टाकलेले मंगळसूत्र. बँकेत जावे तर खोली नवऱ्याच्या नावाची, तारण काय ठेवणार? दुकान नाही, पाटी नाही, म्हणजे धंदाच नाही! कोणी विचारले तर घरधनी सांगे, 'ती घरीच असते.' १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा बाया एकमेकींना जामीन राहिल्या आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळाले. पुढे १९८२ च्या संपात जेवणाऱ्यांचा पगारच थांबला, ती गोष्ट निराळी.

आम्ही कीर्तनकार जनाबाईचे जाते मोठ्या गोडीने रंगवितो. देव दळू लागला म्हटले की श्रोत्यांचे डोळे भरतात. दळणाऱ्या हाताला काय मिळाले, हे विचारायला मात्र आमची जीभ उचलत नाही.

कोणी म्हणेल, महाराज, ममत्व सोडा म्हणणाऱ्याने बाईला मालकी काय म्हणून शिकवावी? प्रश्न रास्त आहे. पण जे आपले नव्हतेच, त्याचा त्याग कसा व्हावा? आपली मालकी काढून दुसऱ्याची उत्पन्न करणे, अशी दानाची शास्त्रीय व्याख्या आहे. आता दिंडीच्या अन्नदानाला एखादीने पापड लाटून मिळविलेले पैसे दिले आणि पावती घरधन्याच्या नावाने फाडली, तर ते दान कोणाचे? फडकरी मंडळींनी येत्या आषाढीआधी याचा निर्णय करावा. पावतीपुस्तके आपल्याच हाती आहेत.