खाजनाचे ऋण

गोव्यातील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराच्या मंदिराचा शिवछत्रपतींनी 1668 साली जीर्णोद्धार केला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु या दैवताचे पूर्वस्थान ज्या दिवाडी बेटावर होते, तेथील भाविकांचे अन्न ज्या भूमीतून आले, तिचाही विचार धर्मविचारातच मोडतो. ती भूमी म्हणजे खाजन: खाऱ्या पाण्याशी झुंजून, बांध घालून मिळवलेली, पावसाळ्यात कोरगुटासारखे क्षार सोसणारे भात पिकवणारी आणि मानशीच्या, म्हणजे बांधातील जलद्वाराच्या, दारांतून भरती-ओहोटीचे नियमन होत असता सुंगटे, शेवटे व काळुंदरे अशी मासळी पुरवणारी.

अशा भूमीचा धनी कोण? तिसवाडीतील ज्या गावकरी या ग्रामसंस्थेची वहिवाट पोर्तुगीजांनी 1526 च्या फोराल सनदेत नोंदवली, तिचे उत्तर असे, की धनी कोणी एक माणूस नव्हे, सारा गाव. शेतांच्या व मानशीच्या पावणीतून, म्हणजे लिलावातून, आलेल्या उत्पन्नातून सरकारी देणे, देवस्थानाचा व सेवकांचा हक्क आणि बांधदुरुस्तीचा खर्च भागल्यावर जे उरेल, तेच जोण म्हणून गावकारांत वाटावयाचे. घेतलेल्याची परतफेड न करता भोगणारा चोरच होय, हा गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील सिद्धान्त येथे जमाखर्चाच्या वहीत उतरला होता.

मात्र ही व्यवस्था निर्दोष नव्हती. जोण गावकारांच्या पुरुषसंततीलाच मिळे. चिखलात राबणारे कूळ आणि रोप लावणारी स्त्री यांना त्यात वाटा नसे. 1964 च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले आणि बांधांची जबाबदारी पुढे कुळांच्या संघटनांकडे आली, हे न्याय्यच झाले; परंतु हक्कासोबत कर्तव्याचीही वाटणी व्हावयास हवी होती, ती सर्वत्र झाली नाही. मासळीच्या मोठ्या पावणीच्या लोभाने मानशीचे दार अवेळी उघडे ठेवले, की खारे पाणी शेतात शिरते, भातशेती पडीक होते आणि खचलेल्या बांधाची वाट कांदळवन अडवते.

अर्थ हा पुरुषार्थ आहे, परंतु धर्माच्या मर्यादेत राहील तोवरच. आणि खाजनाच्या संदर्भात ती मर्यादा म्हणजे तो मातीचा बांध. म्हणून मानशीच्या उत्पन्नावर पहिला हक्क बांधाचा, दुसरा राबणाऱ्या हातांचा आणि मगच इतरांचा, हा क्रम प्रत्येक कूळ संघटनेने व कोमुनिदादीने, म्हणजे आजच्या गावकरीने, ठरावाने मान्य करावा. देवळाचा जीर्णोद्धार जितका पुण्यप्रद, तितकाच बांधाचाही आहे.