कांद्याचं टरफल

एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर पूर्वी रिकामं बारदान पडलेलं असायचं. तिथे आता शेठच्या मुलाचा कॉम्प्युटर आला होता. बांधायच्या इमारती आधी पडद्यावर हुबेहूब उभ्या करून द्यायच्या, हे त्याचं काम. एकेका चित्रासाठी यंत्र रात्रंदिवस राबायचं, तापायचं; म्हणून त्याने ते पाण्याने थंड होणारं जुळवलं होतं. प्रोसेसरची उष्णता घेऊन पाणी नळीतून रेडिएटरमध्ये यायचं आणि 120 मिलिमीटरचे तीन पंखे रेडिएटरवर वारा मारायचे.

वारा मारायचे आणि घोंघावायचे. शेठ लासलगावचा भाव फोनवर घेताना दुसऱ्या कानात बोट घालायचे. माळ्याच्या बरोबर खाली दुपारी मामा झोपायचे. मामा म्हणजे टोळीतले सगळ्यात जुने माथाडी, जुन्नरकडचे. रात्री गाड्या लागल्या की पहाटेपर्यंत 50 किलोची गोण पाठीवर. दुपारचे दोन तास काय ती झोप. वर पंखे सुरू झाले की ते उपरणं कानांवर गुंडाळून कुशीवर वळायचे. कधी एका शब्दाने बोलले नाहीत. मुलाला तेच लागायचं. लहानपणी याच माणसाने त्याला गोणींच्या थप्पीवर बसवून मार्केट दाखवलं होतं.

तो लॅमिंग्टन रोडला गेला आणि डब्यावर वाऱ्याचा आकडा ज्याचा सगळ्यात मोठा, ते पंखे घेऊन आला. आवाज वाढला, पाणी तेवढंच गरम. पुन्हा गेला, त्याहून मोठा आकडा आणला. आता तर शेठ फोन घ्यायला बाहेर धक्क्यावर जाऊ लागले.

"दोनदा पैसे घातले, मामा. वारा वाढवला तरी थंड होत नाही."

मामा शिडी चढून वर आले. यंत्रातलं त्यांना काही कळत नव्हतं. सदऱ्याला चिकटलेलं कांद्याचं एक टरफल त्यांनी काढलं, बोटांच्या चिमटीत धरलं आणि रेडिएटरच्या पलीकडच्या बाजूला नेलं. टरफल हललं नाही. मग अलीकडे, पंखा आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीपाशी धरलं. तिथे ते थरथरायला लागलं.

"वारं तर हितनंच माघारी येतंय, बाळा. पलीकडं कुठं निघतंय?"

मुलगा बघत राहिला.

"चाळीत नवखा माणूस जागा हाय म्हणून कांदा वर वर रचत जातो. 5 फुटांच्या वर गेला की खालचा दबतो, मधला घामेजतो. भाईर सोसाट्याचं वारं असू दे, आतला कांदा सडायचा तो सडतोच. वारं किती सुटलंय ते बघू नये. आतनं जातंय का ते बघावं."

मुलाने रेडिएटर सोडवून उजेडात धरला. बारीक पात्यांच्या दाट जाळीत वर्षभराची धूळ आणि टरफलांचा चुरा ठासून बसला होता. मऊ ब्रशने ते काढता काढता त्याच्या लक्षात आलं की डब्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. समोर काहीच नसताना कोणताही पंखा भरपूर वारा देतो. समोर दाट जाळी आली की कस लागतो तो दाबाचा, आणि तो आकडा त्याने एकदाही वाचला नव्हता. आपण बहुतेक जण वाचत नाही.

तिसऱ्या खेपेला त्याने दाब बघून पंखे आणले: रुंद पाती, आणि पात्यांची टोकं चौकटीला जवळजवळ टेकलेली. फटींवर स्पंजच्या पट्ट्या लावल्या, पंख्याची थरथर पेटीत उतरू नये म्हणून खाली रबर घातलं.

एक गोष्ट तरीही राहिली होती. प्रोसेसर क्षणभर तापला की पंखे उसळायचे, पुन्हा बसायचे. झोप मोडते ती या चढउताराने. एकसुरी आवाजाची कानाला सवय होते. पाणी काही असं क्षणात तापत नाही, त्याला मिनिटं लागतात. मग पंख्यांनी तरी घाई का करावी? त्याने पंख्यांचा वेग प्रोसेसरऐवजी पाण्याच्या तापमानाशी जोडला. मिनिटाला 1,800 फेरे होते, ते 900 वर आणले. वेग निम्मा केला तर वारा निम्माच होतो, आवाज मात्र 15 डेसिबलच्या आसपास उतरतो. निम्मा वाराही आता पुरत होता, कारण तो सगळा जाळीतून जात होता.

दोन दिवसांनी दुपारी मामा दचकून उठले.

"बंद पडलं काय रं तुझं?"

"चालू आहे, मामा. सकाळपासून चालू आहे."

त्यांचा विश्वास बसेना. शिडी चढून ते वर आले, सदरा चाचपून एक टरफल काढलं आणि रेडिएटरच्या पलीकडे धरलं. टरफल फडफडलं, चिमटीतून सुटलं आणि माळ्याच्या कठड्यावरून खाली, त्यांच्या अंथरुणाच्या बाजूला, तरंगत गेलं.