पाहावे, पण किती जवळून?

सज्जनहो, एखाद्या जिवावर आपली प्रीती असली म्हणजे त्याला डोळे भरून पाहावे अशी ओढ लागते. पण आपल्या जाण्यानेच त्या जिवाला पीडा होणार असेल, तर त्या ओढीला प्रीती म्हणावे, की नुसती डोळ्यांची हाव? प्रश्न लहान दिसतो, पण उत्तर सोपे नाही.

पृथ्वीच्या दोन्ही टोकांना, बर्फाच्या मुलखात, आज प्रवासी जहाजे जातात. १९६६ साली लार्स-एरिक लिंडब्लाड या गृहस्थाने दक्षिणेकडील अंटार्क्टिका खंडाकडे प्रवाशांची सफर नेली. तेव्हा गेली ती मूठभर माणसे. २०२३-२४ च्या तिकडच्या उन्हाळ्यात हीच संख्या लाखाच्या पुढे गेली. तेथे बाजार नाही, वस्ती नाही. माणसे जातात ती बर्फ पाहायला, आणि पेंग्विन, सील, देवमासे पाहायला.

या जाण्याला नियम आहेत. एका वेळी एका ठिकाणी शंभरच प्रवासी उतरायचे. पाचशेंहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाने कोणालाच उतरवायचे नाही. बूट धुतल्याशिवाय किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही. पेंग्विनपासून निदान पाच मीटर दूर राहायचे. पेंग्विन समुद्रातून घरट्याकडे येजा करतात, त्यांच्या पायांनी बर्फात वाट पडते. त्या वाटेवर मान त्यांचा, माणसाने थांबायचे. आपला पाय बर्फात खोल रुतला, तर तो खड्डा बुजवूनच पुढे जायचे, कारण त्यात पडलेल्या पेंग्विनला वर येणे कठीण. पाहा बरे, आपल्या पावलाचा खड्डा आपणच बुजवावा, यात केवढा मोठा धडा आहे!

आता कोणी म्हणेल, “नियम पाळले की झाले. मग दोष कसला?” तर उत्तरेकडची एक गोष्ट ऐका. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर १९७३ पासून पांढऱ्या अस्वलाच्या शिकारीला बंदी आहे. जुलै २०१८ मध्ये तेथे एका जहाजाचे प्रवासी उतरायचे होते. जागा निर्धोक आहे ना, हे पाहण्यासाठी रखवालदार आधी उतरले. अस्वल कोणाला दिसले नव्हते. त्याने एका रखवालदारावर झडप घातली, त्याच्या डोक्याला जखम झाली. सोबत्यांनी बंदूक चालवली आणि अस्वल मेले. सोबत्याचा जीव वाचवणाऱ्याला दोष कसा द्यावा? मारण्याची इच्छा कोणाचीच नव्हती. सगळे पाहायलाच आले होते. तरी ते अस्वल आपल्याच घरात मेले. हेतू शुद्ध होता एवढ्याने कर्माचे फळ चुकत नाही. २०२५ पासून तेथे अस्वलापासून निदान तीनशे मीटर, आणि मार्च ते जून पाचशे मीटर दूर राहण्याचा कायदा आहे.

दुसरा कोणी म्हणेल, “मग कोणी जाऊच नये!” हेही घाईचे बोलणे. पाहिल्याने कित्येकांच्या मनात दया उपजते, हे खोटे नाही. पण दया उपजली की नाही, याची खूण कोणती? हजारो मैल जाऊन, पैसा खर्चून माणूस किनाऱ्याशी पोचला, आणि अस्वल दिसले म्हणून उतरणे रद्द झाले. तेव्हा जो चडफडतो तो आपल्या पैशाचा मोबदला मागायला आला होता. जो “त्याचे घर आहे, राहू द्या” म्हणून समाधानाने परत फिरतो, त्यालाच खरे दर्शन झाले.

आणि जहाजाचा धूर? दुरून पाहणाराही तो मागे ठेवतोच, आणि धुराने जग तापते, बर्फ वितळतो. हा हिशेब घरी बसलेल्यांनाही सुटत नाही, कारण धूर आपल्याही चुलीचा आणि मोटारीचा आहे. अंटार्क्टिका करारात भारत १९८३ साली सामील झाला. तेव्हा त्या मुलखाची जबाबदारी आपल्याही अंगावर आहेच.

पेंग्विनला आपला पाच मीटरांचा नियम ठाऊक नाही. कधी तो आपणहून चालत माणसाजवळ येतो. अशा वेळी हात पुढे करायचा नाही. उगी स्थिर उभे राहायचे. जवळ यायचे की नाही, हे त्याने ठरवायचे. बाबांनो, प्रीती आणि हाव यांतला भेद एवढाच आहे. हाव अंतर तोडते, आणि प्रीती अंतर राखून वाट पाहते. हे ओळखायला ध्रुवापर्यंत जायला नको. दारातल्या चिमणीच्या घरट्यापाशीही ते कळते.