वाया गेलेला हप्ता

आमच्या घोटावड्यात परवा एका गृहस्थांनी माझ्यापाशी मोठी विलक्षण तक्रार केली. आपण आजारी पडत नाही, अशी ती तक्रार होती.

"आठ वर्षं झाली, गुरुजी. पोरगा माझ्या नावानं दवाखान्याच्या इम्याचा हप्ता भरतोय. आठ वर्षांत साधी सुई टोचून घ्यायची पाळी आली न्हाई. सगळा पैसा वाया गेला की!"

हे आमचे आबा. मुलगा हिंजवडीला नोकरीला. त्याला कंपनीचा विमा आहे, म्हणून बापालाही असावा असे त्याला वाटले. अशा वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला, तेव्हा आबांना थोडे हायसे वाटले. पण मूळ दुःख काही हलले नाही.

मी हसलो खरा. परंतु घरी येऊन आरामखुर्चीत टेकलो आणि हसू मावळले. हीच तक्रार मीही अनेकदा केली आहे. माझी भाषा जरा शुद्ध होती, एवढेच.

आमचा मुलूख भाताचा. आवणीच्या दिवसांत इथे माणसांची ओढ लागते. तेव्हा आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या, असा जो रोख हिशेब चालतो त्याला सावड म्हणतात. दिवसाला दिवस फिटला पाहिजे. इर्जिक निराळी. एखाद्याचे काम अडले, घरात करते माणूस उरले नाही, की गाव गोळा होऊन त्याचे रान उरकून देते. त्याने जेवण घालायचे, बस्स. परतफेडीचे नाव कोणी काढत नाही. आता शेते विकली गेली, कुंपणे पडली, आवणीला मजूर लावावे लागतात. तरी हे दोन शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहेत.

मग विमा म्हणजे सावड की इर्जिक? आबा त्याला सावड समजतात. आठ वर्षे मी लोकांच्या खाचरात राबलो, माझ्या खाचरात कोण आले? पण त्यांच्या खाचरात माणसे यायची तर आधी त्यांच्या काळजाला धक्का बसायला हवा! ज्याला त्याला त्याचे परत द्यायचे म्हटले, तर रोग्याला त्याच्या स्वतःच्या पैशापलीकडे काय मिळणार? आणि धडधाकट माणसे 'वाया जातो' म्हणून बाहेर पडू लागली, की मागे फक्त आजारी उरतात, हप्ता चढतो, आणखी माणसे बाहेर पडतात. शेवटी खाचर एकट्याचे राहते.

वर्ध्याकडे ही गोष्ट शेतकऱ्यांना समजावण्याची एक फार सुंदर रीत निघाली होती. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या खेड्यांत विम्याचा हप्ता ज्वारीत घेतला. सुगी झाली की ज्याची जमीन जास्त त्याने जास्त ज्वारी घालायची, भूमिहीनाने थोडी. उपचार मात्र जमिनीच्या मापाने नव्हे, दुखण्याच्या मापाने. आणि चार घरांनी येऊन भागत नसे. गावाचा मोठा भाग सामील व्हावा लागे. ज्वारी डोळ्यांसमोर एका ढिगात पडते, त्यात आपले दाणे कोणते हे कोण निवडत बसणार? नोटांच्या बाबतीत ही निवड आपल्याला उगीचच जमते.

पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, असे भोर समितीने १९४६ साली लिहून ठेवले. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. पुढे ती राज्यभर गेली आणि तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०२३ साली शिधापत्रिका कोणत्याही रंगाची असो, प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण द्यायचे ठरले. त्या आधी ते दीड लाख होते. हप्ता कुटुंबाने भरायचा नाही, सरकारने. म्हणजे सबंध राज्याची इर्जिकच म्हणा ना. मात्र ती यादीतल्या उपचारांना, इस्पितळात दाखल झाल्यावर. मधुमेहाची रोजची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, पण ती आणायला मजुरी बुडते. म्हणून ती चुकते, आणि पाय काळा पडला की माणूस योजनेच्या दारात येतो. हे मला फार खुपते.

पण आज सांगायचे आहे ते माझेच. योजना सर्वांना खुली झाल्यानंतरची गोष्ट. गावाजवळच्या एका बंगल्याच्या बांधकामावरून मराठवाड्यातली एक बाई पडली. मांडीचे हाड मोडले. दोन पोरे वर्गणी मागत माझ्या दारी आली. मी चष्मा पुसत विचारले, "अरे, सरकारी योजना आहे ना?" आणि दोनशे रुपये दिले. माझ्या मनाला त्या वेळी काही टोचले नाही. व्यवस्था आहे, तिने आपले काम करावे! पुढे कळले, की लग्नानंतर तिचे नाव सासरच्या शिधापत्रिकेवर चढलेच नव्हते. खाजगी इस्पितळाचे पैसे मुकादमाने उचल म्हणून दिले. ती उचल अजून फिटते आहे. बाई लंगडत विटा वाहते.

हे मी आबांना सांगितले. म्हणजे खरे तर त्यांना विमा समजावून सांगायला गेलो होतो, आणि सांगून बसलो हे. ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

"इर्जिकीत कसं, गुरुजी, कुणाचं रान लागलं ते डोळ्याला दिसतं. माझा हप्ता कुणाच्या कामी आला, त्याचं नाव कळलं असतं तर मी रडलो नसतो." मग थांबून म्हणाले, "त्या बाईचं नाव चढलं का आता?"

मला ठाऊक नव्हते. मी विचारलेच नव्हते.

संध्याकाळी आम्ही दोघे तिच्या पालावर गेलो. नाव चढलेले नाही. काय काय कागद लागतात ते विचारायला उद्या तिला आणि तिच्या नवऱ्याला घेऊन पौडला तहसील कचेरीत जायचे ठरले आहे. तिचा खाडा आणि सगळ्यांचे गाडीभाडे आबा देणार आहेत. मी निम्मे देतो म्हटले, तर ऐकेनात.

"राहू द्या, गुरुजी," ते म्हणाले, "हप्त्यातच धरा."